आखूड झालेले साग

माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामांनी मला विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?"

मी म्हणालो, "झाडं मोजतो."

"किती आहेत?"

गुरं मोजावीत तशी मी झाडं मोजत हिंडतो आणि आकडा जुळला की घरी येतो, अशी त्यांची समजूत झाली होती. नोकरी सरकारी आहे म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही आणि लग्न पार पडलं. त्यानंतर छत्तीस वर्षं मी वनखात्यात तेच काम केलं. प्रत्येक दिवाळीला मामांनी "वाढतायत का झाडं?" असं विचारायचं आणि मी "वाढतायत" म्हणायचं, हा रिवाज मामा जाईपर्यंत चालला. एकाच दिवाळीला मी गप्प बसलो होतो. त्या वर्षी माझ्या वहीत झाडं कमी झाली होती. संख्येनं नव्हे, उंचीनं.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर वाचकांचाही मामा व्हायचा. जंगलाचा एक तुकडा निवडायचा, चार कोपऱ्यांवर दगड रोवायचे, आतल्या प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा. याला आम्ही नमुना प्लॉट म्हणतो. दर पाच वर्षांनी तिथं जाऊन प्रत्येक झाडाचा घेर आणि उंची मोजायची. घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर. झाड बुंध्याशी फुगलेलं असतं आणि वर निमुळतं होत जातं, म्हणून सगळ्यांनी एकाच उंचीवर फीत लावायची. ही छाती कोणाची, ते मला ठाऊक नाही. माझी तरी नव्हे; माझी चार बोटं खाली भरते, आणि त्यावरून ऑफिसात माझी पुष्कळ थट्टा झालेली आहे.

उंचीचं काम आणखी मोलाचं. जमिनीला तिचा कस विचारता येत नाही, पण तिच्यावरच्या झाडाला विचारता येतो. एकाच वयाचे साग एका डोंगरावर सत्तर फूट जातात आणि दुसऱ्यावर चाळिसाला दम टाकतात. त्यावरून जमिनीला दर्जा द्यायचा, पहिला ते चौथा. पहिला उत्तम. चौथ्याबद्दल काही चांगलं बोलायचं असेल तर हवा बरी असते एवढंच म्हणता येतं.

लोकांना मात्र यातलं काही नको असतं. लोकांना झाडाचं वय हवं असतं. पैठणला एका देवस्थानाच्या विश्वस्तांनी मला खास बोलावून घेतलं होतं. आवारातला वड सातशे वर्षांचा आहे असा दाखला त्यांना हवा होता. मी घेर मोजला, पारंब्या पाहिल्या आणि म्हणालो, "शंभराच्या आत-बाहेर असेल." विश्वस्तांनी माझ्यासाठी आलेला चहा शेजारच्या गृहस्थांकडे सरकवला. निघताना म्हणाले, "बघा जमलं तर. निदान चारशे तरी." जणू वड माझ्याच हुकुमावरून वाढला होता.

असो. सांगायची आहे ती कन्नड गावाच्या पुढच्या डोंगरातल्या एका प्लॉटची गोष्ट. त्यात चौऱ्याऐंशी साग होते. प्लॉट पोलीस ॲक्शननंतर थोड्याच वर्षांत आखलेला, त्यामुळे पहिलं रजिस्टर उर्दूत होतं. ते वाचणारा आमच्या औरंगाबादच्या ऑफिसात एकच माणूस, हेडक्लार्क सय्यदभाई. समोर येईल तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची सवय. मधलं काही गाळायला सांगितलं तर म्हणत, "सरकारी कागज है मियाँ, काट-छाँट नको बोलो."

प्लॉटची राखण करायला वनरक्षक होते दगडूबा. वीस वर्षं तीच बीट, म्हणजे राखणीचा टापू. उंच, सावळे, डोक्याला पटका, आणि हातात वरच्या टोकाला पितळी कडं बसवलेली बांबूची काठी. ही काठी सरकारी होती. दगडूबा रुजू झाले तेव्हा ती त्यांच्या ताब्यात मिळाली होती, मोजून साडेचार फुटांची, छातीची उंची दाखवणारी. तिचं खालचं टोक झाडाच्या बुंध्याशी टेकवायचं, कडं येईल तिथं ऑइलपेंटचा पट्टा मारायचा, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेवर फीत लावायची. उंचीही तिच्यावरच. दगडूबांनी काठी खोडाशी उभी धरायची, मोजणीदारानं लांब उभं राहून झाडाच्या उंचीत किती काठ्या बसतात ते नजरेनं भरायचं आणि साडेचारनं गुणायचं. माझ्या आधीचे मोजणीदार एवढंही करत नसत, असं दगडूबांनीच मला भोळेपणानं सांगितलं. ते सावलीत बसून फक्त गुणाकार करत. काठ्या मोजायच्याही दगडूबांनीच.

मी मात्र नवा होतो आणि तालीम घेऊन आलो होतो. माझ्याजवळ लोखंडी मोजपट्टी होती आणि उंची मोजायचं दुर्बिणीवजा यंत्र होतं. दगडूबांनी काठी पुढं केली तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या."

"सरकारी हाय साहेब ही."

"यंत्रही सरकारीच आहे, दगडूबा."

त्यांनी यंत्राला डोळा लावून बघितलं, ते परत दिलं आणि म्हणाले, "बारीक दिसायलंय सगळं."

चार दिवस आम्ही मोजलं. प्रत्येक झाडाला दगडूबांचं काही ना काही सांगणं होतं. सतरा नंबर वणव्यातून वाचलेला, एकेचाळीसवर मोहोळ बसतं, साठ नंबर "जरा आळशी हाय, पण मनानं चांगला." सगळ्या खोडांवर लाल, पांढरा, पिवळा, निळा असे चार रंग एकाखाली एक होते. मला वाटलं, ही त्यांची हौस. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत तशी. मी त्यांचं कौतुकसुद्धा केलं. ते लाजले आणि म्हणाले, "औरंगपुऱ्याच्या बाजारात त्या वक्ताला जो डबा मिळंल तो आणायचा. काय हौस नाय साहेब."

ऑफिसात येऊन मी माझे आकडे मागच्या मोजणीशेजारी मांडले आणि मला घाम फुटला. पाच वर्षांत प्रत्येक झाड सरासरी पाच फूट आखूड झालं होतं. घेरसुद्धा अर्ध्या इंचानं उतरला होता. चौऱ्याऐंशी साग मिळून एकदम रोडावले होते.

सय्यदभाईंनी दोन्ही रकाने मोठ्यानं वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "क्या मियाँ, झाडां बी उपास करते क्या?"

मोठ्या साहेबांना विनोदाची आवड नव्हती. त्यांनी मला उभं ठेवूनच विचारलं, "झाड आखूड होतं का?"

"नाही सर."

"मग एक तर आधीचे आकडे खोटे आहेत, नाहीतर तुमचे. कोणते?"

"माझे बरोबर आहेत सर."

"सिद्ध करा. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर हा प्लॉट रद्द. शेजारच्या कूपची तोड यंदाच आहे, ही झाडंही त्यातच घालू. खोटे आकडे सांभाळायला जंगल अडवून ठेवता येत नाही."

कूप म्हणजे त्या वर्षी तोडीला काढलेला भाग. शेजारच्या कूपातल्या झाडांवर हातोड्याचे शिक्के पडलेही होते. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं कन्नड गाठलं आणि तिथून दगडूबांच्या वस्तीवर गेलो. ते ओट्यावर बसले होते. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"तोडणार म्हणं," ते म्हणाले.

"आकडे जुळले नाहीत तर."

"मग तुम्ही जुळवा की. वाढवा थोडं. कोण बघायलंय?"

वीस वर्षं झाडांना जपणाऱ्या माणसानं हे म्हणावं यात मला नवल वाटलं नाही. माझ्याही मनात एसटीत तेच येऊन गेलं होतं. प्रत्येक उंचीत सहा-सात फूट घालायचे, घेरात इंचभर, आणि सगळे सुखी. मोह नव्हता असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण खोट्यावर खोटं रचलं की पुढच्या माणसाला आणखी मोठं रचावं लागतं, आणि तो पुढचा माणूस पाच वर्षांनी बहुतेक मीच असणार होतो.

दगडूबांची बायको कौसाबाई चहा घेऊन आल्या. मी ओट्याला टेकवलेली ती काठी हातात घेऊन माझ्या पायांशी शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला दूर सारत होतो. कौसाबाई म्हणाल्या, "जपून भाऊ, टोक तासलंय कालच. लागंल त्येला."

"तासलंय म्हणजे?"

"दगडानं टोक फुटून फुटून त्याचा झाडू होतोय की. मग ह्ये कुऱ्हाड घेऊन बसत्यात. दर वर्सी दोन-तीन डाव तरी तासत्यात. मी म्हणते नवी घ्या, तर म्हणत्यात सरकारी हाय."

मी चहा खाली ठेवला. पिशवीतून मोजपट्टी काढली आणि काठीला लावली. साडेचार फुटांची काठी पावणेचार फूट भरली. वीतभर काठी डोंगरात झिजून गेली होती.

दगडूबांनी मोजपट्टीवर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "तुमची पट्टी गरम झाली आसंल."

"दगडूबा, हिला टेकत वीस वर्षं डोंगर चढलात. साप मारलेत, गुरं हाकललीत. दर वेळी टोक कापलंत. काठी लहान होतेय हे तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"आसं कसं नाय येणार? दर मोजणीला मी छातीला लावून बघायचो की! हे बघा." ते उठले, काठी समोर उभी धरली, आणि पितळी कडं बरोबर त्यांच्या छातीला लागलं.

कौसाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आवं, सरळ उभं ऱ्हावा की जरा!"

ते सरळ उभे राहायला गेले. पाठ काही सरळ झाली नाही. रुजू होताना ताठ असलेला माणूस वीस वर्षांत वाकला होता, आणि काठी त्याच्याबरोबर वाकायच्या ऐवजी झिजली होती. दोघं एकमेकांना तपासत होते आणि दोघंही पास होत होते. मी हसलो, कौसाबाई हसत होत्याच, आणि थोड्या वेळानं दगडूबाही हसले. पण त्यांचं हसू लवकर थांबलं.

"म्हंजी माझ्यामुळं तोडणार," ते म्हणाले.

काठी आखूड म्हणजे झाडाच्या उंचीत जास्त काठ्या बसणार. काठी आखूड म्हणजे घेरही खाली, जाड भागावर मोजला जाणार. त्यामुळे कागदावर झाडं दर पाच वर्षांनी भरघोस वाढत होती, आणि त्या वाढीवर डोंगराला तिसरा दर्जा मिळालेला होता. हे सगळं मला कळलं, पण सिद्ध कसं करायचं ते कळेना. आज काठी वीतभर कमी आहे हे खरं. पण पाच वर्षांपूर्वी ती किती होती, दहा वर्षांपूर्वी किती? आज झिजलेली काठी दाखवून साहेबांपुढे वीस वर्षांचा हिशोब कसा मांडायचा?

आम्ही दोघं प्लॉटवर गेलो. सतरा नंबरच्या सागाशी मी मोजपट्टी उभी केली. साडेचार फुटांची खूण लाल रंगाच्या वरच्या कडेवर आली, अगदी रेघेवर. मी विचारलं, "लाल कधी मारला?"

"मी आलो त्या वर्सी. पहिली मोजणी."

"पांढरा?"

"त्याच्यानंतरची. मग पिवळा. निळा मागच्या बारीचा."

मी निळ्याची वरची कड मोजली. चार फूट भरली. म्हणजे मागच्या मोजणीला काठी सहा इंचांनी आखूड होती. पिवळ्याला तीनच, पांढऱ्याला एक. खोडावर काठीची सगळी उमर लिहून ठेवलेली होती, आणि मी तिला हौस समजून तिचं कौतुक करून गेलो होतो. मोजणीदार म्हणून इतकी लाज मला पुन्हा वाटली नाही.

काही झाडांवरचे रंग सालीबरोबर गळाले होते, पण निम्म्याहून जास्त खोडांवर चारही कडा शाबूत होत्या. आम्ही आठवडाभर प्रत्येक कडेची उंची घेतली, प्रत्येक कडेवर फीत लावली, आणि मी त्या-त्या मोजणीचे आकडे दुरुस्त केले. झाडं कुठंच आखूड झाली नव्हती. वीस वर्षं ती वाढतच होती. फक्त फार हळू. शेवटच्या पानावर बेरीज आली तेव्हा दगडूबा शेजारीच बसले होते.

"कितवा नंबर?"

"चौथा दर्जा."

"चौथा?" त्यांनी झाडांकडे बघितलं. "गावात सांगत आलोय मी, सगळ्या तालुक्यात आसा साग नाय म्हणून."

"जमिनीचा दर्जा आहे दगडूबा, झाडांचा नव्हे. एवढ्या मुरमाटावर ती उभी आहेत हेच पुष्कळ."

"समजूत घालू नका," ते म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पोराला नापास करणाऱ्या मास्तराशी बाप बोलत नाही, तसंच.

अहवालात मी लिहिलं, मोजणीचं साधन झिजल्यामुळे चूक झाली. साहेबांनी वाचलं. "साधन कोणाच्या ताब्यात होतं? हे रंग कोणी मारले, कोणत्या साली? नुसत्या रंगांवर मी कसा विश्वास ठेवू? ज्यानं मारले त्याचा सही केलेला जबाब आणा."

जबाब दिला म्हणजे चूक कबूल केली, आणि चूक कबूल केली की ठपका आला. सेवापुस्तकात ठपका म्हणजे जन्मभराचा डाग, आणि दगडूबांच्या निवृत्तीला दीडच वर्ष राहिलं होतं. वीस वर्षांत एक रेघ नव्हती त्यांच्या नावावर. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मी काहीतरी बघतो."

मी काय बघणार होतो देव जाणे.

"जबाब दिला तर ऱ्हातील?"

"राहतील."

"मग लिहा. काठी झिजली, मी बी झिजलो. दोघं संगच झिजलो म्हणून कळलं नाय." मी तसंच लिहिलं. सय्यदभाईंनी जबाब मोठ्यानं वाचला आणि घडी न घालता जपून फायलीत लावला.

प्लॉट राहिला. चौथ्या दर्जाच्या जमिनीवरचे इतक्या वर्षांचे आकडे दुसरीकडे नाहीत, असं साहेबांनीच वर कळवलं. दगडूबांना ठपका मिळाला. त्या पत्राचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. ज्या माणसाकडून जबाब लिहून घेतला, त्याच्याच ठपक्याचा कागद मी तयार केला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. खाली एक वाक्य मी माझ्या मनानं घातलं. साहेब ते खोडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सही केली.

दीड वर्षानं दगडूबांचा निरोप समारंभ ऑफिसात झाला. शाल, नारळ, पेढे. कौसाबाई नवं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी गावातली पंधरा-वीस माणसं. सेवेचा गोषवारा वाचायला सय्यदभाई उभे राहिले. रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढी, रजा, वणवा विझवल्याबद्दल शाबासकी. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. मी हातानं खूण केली, साहेब खोकले, पण सरकारी कागद होता. सय्यदभाईंनी पान उलटलं आणि त्याच खणखणीत आवाजात ठपका वाचायला लागले. मोजणीच्या साधनाची निगा न राखणे, त्यामुळे चुकीच्या नोंदी होणे, सबब सक्त ताकीद.

वाचून झालं. सय्यदभाईंना तेव्हा उमगलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "माफ करना दगडूबा," ते हळूच म्हणाले.

दगडूबा उठले. पाठ वाकलेली, खांद्यावर शाल.

"शेवटची ओळ पुन्हा वाचा सय्यदभाई. जोरात. मागं ऐकू आली नाय."

सय्यदभाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि वाचलं:

"तथापि, सदर वनरक्षकाच्या कार्यकाळात या प्लॉटमधील चौऱ्याऐंशीपैकी एकही झाड तोडले गेलेले नाही, याची नोंद घेण्यात यावी."

"ऐकलं का?" दगडूबांनी मागच्या रांगेला विचारलं, आणि खाली बसले.